लिफ्ट दुपारी दोन ते चार बंद राहील

आमच्या पंक बँडची एकूण सहा गाणी आहेत आणि बावीस वर्षांत मी त्यातलं एकही ऐकलं नव्हतं. ती वाईट आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. मी आता हळदीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो, एप्रिलमध्ये भीमगीतांचे कार्यक्रम करतो आणि उरलेलं वर्ष भाईंदरच्या घरी, हॉलमध्ये, मुलांना कीबोर्ड शिकवतो. याच माणसाने एके काळी गुडघ्यावर फाडलेली जीन्स घालून बोंबा मारल्या होत्या, हे त्या मुलांच्या आयांना न कळलेलं बरं. ती जीन्स आईने एकदा धुवायला घेतली आणि गुडघा शिवून परत दिली. आमचं बंड साधारण तेवढंच टिकलं.

मागच्या महिन्यात आमच्या गायकाचा फोन आला. तो आता पुण्यात असतो, केस गेलेत, पण उत्साह तोच. म्हणाला, "आपली गाणी नेटवर टाकूया यार. फाइल्स मी पाठवतो, तू जरा साफ करून दे. तुझ्याकडे सॉफ्टवेअर आहे, आणि तू काय, घरीच असतोस ना?"

घरीच असतोस, हे मला झोंबलं. कारण ते खरं होतं. चौदा महिने मी जवळपास घरीच होतो, आणि त्याला कारण पप्पा होते.

पप्पांचे दोन्ही गुडघे गेलेत आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट आहे, व्यवस्थित चालते, पण पप्पा तिच्यात पाय ठेवत नाहीत. अंगात जोर होता तोवर ते जिन्याने चढले-उतरले. कोणी विचारलं तर म्हणायचे, चालणं चांगलं असतं. पुढे जिना झेपेना, तेव्हा त्यांनी खाली जाणंच सोडून दिलं. आई गेल्यावर तर विषयच संपला. डॉक्टर म्हणतात एक्स-रे काढायला घेऊन या, म्हाताऱ्याला जरा उन्हात फिरवा. बायको सकाळी सातला ऑफिसला निघते ती रात्री येते. म्हणून मी बाहेरगावचे कार्यक्रम सोडले. दोन खोल्यांत आम्ही बाप-लेक दिवसभर एकमेकांच्या पायात येतो. मला घुसमटायला होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. कचरा टाकायचं निमित्त करून मी खाली जायचो आणि गेटपाशी उगाच दहा मिनिटं उभा राहायचो.

गेल्या दिवाळीत मी हट्टाला पेटलो. चाकांची खुर्ची आणली, पप्पांना बसवलं आणि लिफ्टच्या दारापर्यंत ढकलत नेलं. त्यांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली ती सोडेनात.

"नाटकं करू नका पप्पा," मी सगळ्या मजल्यासमोर ओरडलो. "चार मजले आहेत फक्त. अर्धं मिनिट नाही लागत."

समोरचे गुजराती काका दार उघडून म्हणाले, "रहने दो ना भाई, बुजुर्ग आदमी है."

पप्पांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. खुर्ची मागे फिरवली आणि त्या दिवसापासून मी त्यांना हट्टी म्हातारा ठरवून मोकळा झालो.

तर ती गाणी. गायकाला शेवटचं गाणं सगळ्यात जास्त आवडतं, आणि खरं म्हणजे तेवढंच बरं आहे. त्याचं नाव 'नोटीस'. पप्पा तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी होते. सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस, मराठवाड्यातून आलेला, अक्षर मोत्यासारखं. खालच्या फळ्यावर त्यांच्या हातच्या नोटिसा लागायच्या. आम्ही त्याच उतरवून घेतल्या आणि बोंबलत म्हटल्या. जिन्यात थुंकू नये. गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. पाहुण्यांच्या गाड्या आत लावू नयेत. आणि प्रत्येक कडव्यानंतर चौघांनी मिळून ओरडायचं, 'लिफ्ट दुपारी दोन ते चार बंद राहील.' आम्हाला वाटलं, व्यवस्थेचं कंबरडं मोडलं. उत्तनजवळ पालीला ड्रमरच्या मित्राच्या लग्नात आम्ही हे गाणं दोनदा वाजवलं, तेव्हा एक आजी जवळ येऊन म्हणाली, "पोरांनू, वाजवायला कदी लागनार हाय?"

सराव आणि रेकॉर्डिंग आम्ही पंपाच्या खोलीत करायचो. लिफ्टला लागूनच, तळमजल्यावर. चावी पप्पांनी दिली होती. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या होत्या, गायकाच्या घरून कॉम्प्युटर उचलून आणला होता आणि दोन माइक होते. अडचण एकच होती. लिफ्ट सुरू झाली की अँप्लिफायरमधून घूं असा आवाज यायचा. म्हणून आम्ही रविवारी दोननंतर रेकॉर्ड करायचो, कारण वीज वाचवण्यासाठी दोन ते चार लिफ्ट बंदच असायची. त्याचीही पप्पांनी घालून दिलेली पद्धत होती. वॉचमनने लिफ्ट तळमजल्यावर आणायची, दार उघडून आत बघायचं आणि मगच पंपाच्या खोलीतला स्विच पाडायचा.

त्या रविवारी दोनला दहा मिनिटं होती. वॉचमन डबा खायला गेला होता, ड्रमरला संध्याकाळी कुठेतरी जायचं होतं, आणि घूं थांबत नव्हतं. मी म्हटलं, दहा मिनिटांनी काय फरक पडतो, आणि स्विच पाडला. लिफ्ट खाली आणली नाही. आत बघितलं नाही.

गाणं सुरू झालं आणि कुठूनतरी ठोकल्याचे आवाज यायला लागले. पहिल्या वेळी ड्रमरचा ताल चुकला, दुसऱ्या वेळीही चुकला. तळमजल्यावरच्या काकू आमच्या नावाने भिंतीवर लाटणं आपटायच्या, ती त्यांची नेहमीची सवय होती. तिसऱ्या वेळी गायक म्हणाला, "आपटू दे तिला, मस्त वाटतंय. गाण्यातच घेऊ." तसं घेतलं. ते ठोकणं हीच त्या गाण्याची गंमत, असं पुढे आम्ही भेटेल त्याला सांगत असू.

गायकाने फाइल पाठवली, पण हे ठोकणं काढून हवं की ठेवून, हे त्याचं ठरत नव्हतं. माझ्याकडचं सॉफ्टवेअर गाण्यातून गळा, गिटार, ड्रम असे वेगवेगळे काढून देतं. मी सगळं बाजूला केलं आणि जे उरलं ते हेडफोन लावून मोठ्याने लावलं. सकाळचे अकरा वाजले होते, पप्पा आतल्या खोलीत पेपर वाचत होते.

ठक ठक ठक. पत्र्यावर हात मारल्यासारखं. लाटणं नव्हतंच ते. मग लांबून, विहिरीतून यावा तसा, एक आवाज. "वॉचमन. ओ वॉचमन. स्विच." थोड्या वेळाने परत, आणि त्यानंतर माझं घरातलं नाव, दोनदा.

मी हेडफोन काढला. आतल्या खोलीतून तोच आवाज पेपरमधली कुठलीशी बातमी वाचता वाचता खाकरला.

मला त्या रविवारचं एकेक आठवत गेलं. त्या संध्याकाळी पप्पा घरी आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला होता. लागोपाठ दोन तांबे पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, ऊन फार आहे. मी पलंगावर पडून होतो, कानात अजून गाणं घुमत होतं, आणि मी आयुष्यात इतका खूश क्वचितच झालो असेन. पुढच्याच मीटिंगमध्ये पप्पांनी स्वतः ठराव मांडून दोन ते चारचा नियम रद्द करून घेतला. आमचं गाणं जुनं झालं म्हणून आम्ही तेव्हा हळहळलो होतो. आणि त्यांचं जिन्याने चढणं सुरू झालं ते त्याच सोमवारपासून.

जेवणं झाल्यावर मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"पप्पा, आम्ही पंपाच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं त्या रविवारी, लिफ्टमध्ये तुम्ही होता?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ऐकलं का तू?"

"आज ऐकलं."

"लई उशीर केला."

"स्विच मी पाडला होता."

"म्हाईत आहे. वॉचमन असता तर आत बघितलं असतं त्यानं." मग म्हणाले, "विहारातनं येत होतो. दोनच्या आत लिफ्ट गाठावी म्हणून पळत आलो. दुसऱ्या मजल्याच्या वर गेली अन् थांबली. दिवा गेला, पंखा गेला. घंटा पण त्याच स्विचवर."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? एवढ्या वर्षांत एकदा तरी?"

"काय बोलायचं? कमिटी म्हणत होती, पोरांना चावी देऊ नका. मी दिली. नियम माझा, सेक्रेटरी मी, पोरगं माझं. तुमचं दुकान दुसऱ्या दिवशी बंद केलं असतं लोकांनी."

मला एकच गोष्ट कळत नव्हती. रेकॉर्डिंगमध्ये गाण्याच्या मध्यावर ठोकणं एकदम थांबतं. का थांबलात, असं विचारलं.

"मी ठोकलं की तुमचं बिघडायचं," पप्पा म्हणाले. "मग तुम्ही परत पहिल्यापासून. दोनदा झालं तसं. म्हटलं, असं तर यांचं कधीच संपणार नाही. एकदाचं होऊ द्या, झालं की टाकतील स्विच."

आम्ही टाकला नाही. गाणं मनासारखं झालं, दोन वाजून गेले होते, चारला वॉचमन टाकेलच, असं म्हणून आम्ही चौघे वडापाव खायला गेलो. मला दिवाळीतल्या त्यांच्या बोटांची आठवण झाली आणि स्वतःची मनापासून लाज वाटली. मी तसं म्हटलंही. ते फक्त हात हलवून "असू दे" म्हणाले.

"नंतर ठोकलं नाहीत?" मी विचारलं.

"ठोकलं की. रविवार होता, सगळे जेवून झोपलेले. मग दमलो. खाली बसलो."

मग त्यांनीच विचारलं, "आहे का ते अजून? लाव."

मी हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला आणि पूर्ण गाणं लावलं. बाहेर मला फक्त बारीक चिरचिर ऐकू येत होती. 'जिन्यात थुंकू नये' आलं असावं, कारण ते किंचित हसले. "शब्द माझेच," असं कानात हेडफोन असलेल्या माणसासारखं मोठ्याने म्हणाले. मग त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर हलायला लागला. ठक ठक ठक. बावीस वर्षांपूर्वीचं एकेक ठोकणं त्यांना पाठ होतं, एकही चुकलं नाही. मध्यावर आल्यावर हात आपोआप थांबला आणि मांडीवर जाऊन पडला. गाणं पुढे चालू राहिलं. स्क्रीनवरची रेघ शेवटाला टेकली.

"संपलं, पप्पा," मी म्हटलं आणि हेडफोन काढायला हात पुढे केला.

त्यांनी माझा हात अडवला.

"नाही," ते म्हणाले. "याच्यापुढे अजून पावणेदोन तास आहेत."

ते डोळे मिटून तसेच बसले, कानांवर हेडफोन, त्यात काहीच वाजत नव्हतं. घड्याळात सव्वादोन झाले होते. मी तीनच्या क्लासच्या मुलीला येऊ नको असा मेसेज केला, खुर्ची त्यांच्या जवळ घेतली आणि चार वाजेपर्यंत तिथून उठलो नाही.