राहुकाळात भरलेला फॉर्म

खरं सांगते, मला शिकायची हौसबिऊस काही नव्हती. बारावीला मार्क बेताचेच पडले होते. पुढे कॉलेजात जायचं ते एवढ्याचसाठी, की अण्णांच्या दुकानात बसून जन्मभर ब्लाउजना हुक लावायचे नव्हते. अण्णा म्हणजे माझे वडील, यशवंतपूरच्या बाजारात त्यांचं शिंप्याचं दुकान. आमच्यात तेव्हा मुलगी बारावी झाली की एक तर मशीनवर बसायची, नाहीतर बोहल्यावर.

"शिकून काय करणार?" अण्णांनी विचारलं.

मला काय ठाऊक! "बघू," म्हटलं.

"बघू म्हणून कुणी कापड कापतं का गं?" असं म्हणून त्यांनी कॉलेजचा फॉर्म मोठ्या कात्रीखाली ठेवून दिला. आठ दिवस तो तिथेच. मी रुसून पाहिलं, न जेवून पाहिलं, पण फॉर्म काही हलला नाही.

शेवटची तारीख आली शुक्रवारची, दुपारी बारापर्यंत. त्या सकाळी मी दुकानात गेले आणि नुसती रडत उभी राहिले. अण्णांनी गळ्यातली टेप काढली, चष्मा लावला आणि सही केली. मग घड्याळाकडे नजर गेली आणि आम्ही दोघंही गारच पडलो. साडेदहा! शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. कानडी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आमच्या घरात शिरलेला हा राहुकाळ अण्णा इतका कडक पाळायचे, की त्या वेळात नव्या कापडाला कात्री लावत नसत. लग्नघरचं गिऱ्हाईक असलं तरी "स्वल्प थांबा," जरा थांबा, म्हणून बसवून ठेवत.

गेलं सगळं! मी फॉर्म खाली ठेवला.

"चप्पल घाल," अण्णा म्हणाले.

डबा घेऊन आलेली आई कळवळली, "अहो, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच," अण्णा म्हणाले आणि त्यांनी रिक्षाला हात केला.

वाटेत ते नुसते देवाचं नाव पुटपुटत होते. पावणेबाराला फॉर्म खिडकीतून आत गेला.

आणि इथून माझी खरी पंचाईत झाली. मी नापास झाले असते तर सगळे नातेवाईक राहुकाळाच्या नावाने अण्णांनाच धरणार होते. असलं ओझं घेऊन कुणी नापास होतं का? मान मोडून अभ्यास केला. पहिलं वर्ष निव्वळ त्या धास्तीने काढलं, दुसऱ्या वर्षी विषय कळायला लागले आणि तिसऱ्या वर्षी चक्क आवडायला लागले. माझं मलाच नवल वाटलं.

बी.कॉम.चा निकाल घेऊन धावत दुकानात गेले तेव्हा अण्णा काजं करत होते. "पास झाले! फर्स्ट क्लास!" त्यांनी आधी हातातलं काज पुरं केलं, मग सुई खाली ठेवली. मी घाबरले. म्हटलं, आनंद झाला नाही की काय यांना?

"बरं झालं गं बाई," शेवटी ते म्हणाले. "तीन वर्षं दर शुक्रवारी साडेदहाला माझ्या पोटात गोळा यायचा."