आतल्या बाजूचा शिक्का

"हात दाखव." पुस्तक मागायला आलेल्या पोराला आमचे ग्रंथपाल आधी हेच म्हणायचे. हात उलटसुलट करून पाहायचे, नखांत काही दिसलं की नळाकडे पाठवायचे. एकदा मुख्याध्यापकांनाही "हात दाखवा" म्हणाले आणि त्यांनी मुकाट दाखवले. तुमच्याही शाळेत असा एखादा माणूस असेल, आठवून बघा.

परतूरच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. ग्रंथालय समितीवर माझं नाव होतं, पण तिकडे मी कधी ढुंकून पाहिलं नाही, खोटं कशाला बोलू. ग्रंथपालांचा सगळा जीव शिक्क्यात. नवं पुस्तक आलं की एक शिक्का पहिल्या पानावर आणि दुसरा आत, सतराव्या पानावर. पहिलं पान कुणी फाडलंच, तर आतल्या शिक्क्यावरून पुस्तक शाळेचं आहे हे कळावं म्हणून. "वरचा लोकांसाठी, आतला आपल्यासाठी," असं सांगायचे.

दोन हजार सालानंतर शाळेत एक कॉम्प्युटर आला आणि सोबत माहितीकोशाच्या चाळीस सीड्या. दाखल नोंदवहीत पानांच्या संख्येचा रकाना असतो, तिथं त्यांचं गाडं अडलं.

"बाई, ह्याला पानं किती?"

"लाखभर असतील," मी म्हटलं.

ते बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी लिहिलं, 'मोजता आली नाहीत'.

मग मुख्याध्यापकांचा हुकूम निघाला. जे सीडीत आहे ते कपाटात कशाला? कॉम्प्युटरच्या टेबलाला जागा पाहिजे, तेव्हा माहितीकोशाचे जाड खंड आणि विज्ञानाची पुस्तकं बाद करा. यादी करायची ग्रंथपालांनी, सही करायची मी.

ग्रंथपालांचं काही ठरेना. सकाळी म्हणायचे, "लाइट गेल्यावर पोरं काय वाचतील? अन् खंड बाराजण बारा जागी घेऊन बसतात, इथं खुर्ची एकच." दुपारी सीडीवर धडधडणारं हृदय पाहून यायचे आणि म्हणायचे, "पुस्तकातलं काळीज कधी हललं न्हाई, बाई. पोरांना हे बी पाह्यजे." मला त्यांचा वैताग यायचा. एक काय ते ठरवा ना. आता वाटतं, त्यांचं दोन्ही बरोबर होतं.

एका दुपारी मी पेपर तपासत होते. ते सीडी घेऊन आले.

"बाई, वरच्या अंगाला चित्र हाय, शिक्का उमटून न्हाई राह्यला. मंग आतल्या अंगाला मारू का?"

"मारा की, नेहमीसारखा," मी मान वर न करता म्हटलं.

"अन् नंबर?"

"तोही टाका."

बाद पुस्तकांच्या यादीवर मी न वाचता सही केली. आठ पोती भरून व्हरांड्यात ठेवली, शनिवारी रद्दीवाला यायचा होता. शुक्रवारी मी नववीला घेऊन कॉम्प्युटरपुढं बसले. सीडी घातली, आतून घरघर झाली, पडद्यावर काही येईना. दुसरी घातली, तिसरी घातली. बाहेर काढून उलटी केली तर कॉम्प्युटर वाचतो त्याच चकचकीत बाजूवर शाळेचा जांभळा शिक्का, शेजारी बॉलपेननं दाबून लिहिलेला नंबर. चाळीसच्या चाळीस तशाच. स्पिरिटनं पुसल्यावर शाई गेली, नंबर मात्र कोरलेला राहिला.

मुख्याध्यापकांनी दार लोटून घेतलं. खोलीत आम्ही तिघंच.

"बोभाटा नको," ते ग्रंथपालांना म्हणाले. "दोन वर्षांत तुम्ही निवृत्त होताय. सीड्या कपाटात टाका, कुलूप लावा. कोण विचारतंय?"

ग्रंथपाल म्हणाले, "मंग पोरांना काय देऊ? उद्या पुस्तकं जातील, अन् हे तर चालतच न्हाई."

"पोती परत घ्यायची तर कारण लिहावं लागेल. लेखी खुलासा. तुमच्या सेवापुस्तकात नोंद जाईल."

"जाऊ द्या," ते म्हणाले, आणि तिथंच कागद ओढून लिहायला लागले. एरवी रकान्यापुढं अडणारा हा माणूस एकदाही थांबला नाही. 'शिक्का मी मारला, नंबर मी टाकला, कुणाला विचारलं नाही.'

मी शेजारी उभी होते. ते शेवटचं वाक्य मी वाचलं. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शनिवारी पोती सुटली, खंड पुन्हा कपाटात गेले. शिपायाबरोबर मीही पुस्तकं लावली, फार मन लावून लावली. लाज वाटत होती, दुसरं काय.

ते निवृत्त होऊन बदनापूरला गेले. तीन-चार वर्षांनी मी धीर करून त्यांच्या घरी गेले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग एका दमात सांगून टाकलं, "सर, आतल्या बाजूला मारा असं मीच म्हटलं होतं."

नोंदवहीच्या रकान्यापुढं अडल्यावर पडायची तशी आठी त्यांच्या कपाळावर पडली.

"तुम्ही? तुम्ही कुठं होत्या बाई तवा? मी कुणालाच इचारलं न्हाई, तीच तर चूक झाली." आणि आत वळून म्हणाले, "चहा टाका, शाळेतल्या बाई आल्यात."

चहा घेऊन मी निघाले. त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, ते गेल्याचं कळलं. ते खरंच विसरले होते की मला मोकळं करत होते, तुम्हीच सांगा. त्या दिवशी मी माफी मागितली की नाही, हेच मला अजून नीट कळत नाही.