वेबसाईटची पाच पानं वर

दोन हजार तेवीस साल होतं अन् माझं वय एकाहत्तर. अमरावतीत वेबसाईट बनवणाऱ्या प्रणालीच्या ऑफिसात बसून मी भाव करत होतो. मोर्शीला माझी संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. शाळा चौथीपर्यंत, पण भाव करण्यात मला अजून कोणी हरवलं नाही.

वेबसाईटचं सुनेनं काढलं. "मामाजी, लोकं आता आधी मोबाईलवर पायतात," वैशाली म्हणाली. दोन हजार कलमं त्या पावसाळ्यात जायलाच पाहिजे होती. पिशवीत जास्त दिवस राहिली की मुळं गुंडाळतात, मग कोणी हात लावत नाही.

प्रणालीनं बजेट समजावलं. डोमेन म्हणजे नावाचं भाडं, होस्टिंग म्हणजे जागेचं. दोन्ही दरवर्षी. पानं बनवायचे पैसे एकदाच. मजकूर अन् फोटोचे वेगळे. हे शेवटचं मी खोडलं.

"फोटो माही सून काढते. पाच पानाचे अठरा हजार देतो. वर काय देशीन?"

"वर म्हणजे, काकाजी?"

"शेकड्यामागं पाच झाडं आमी वर देतो. एखादं मेलं तर त्या जागी लावाले. तू बी दे."

ती हसली. "पण त्या पानांत टाकाले काय आहे तुमच्यापाशी?"

"ते पाहू मंग. पाच पानं दे."

तिचं ते पहिलंच मोठं काम. दिली बिचारीनं.

पाच पानं भरली. वरच्या पाचांवर 'काम सुरू आहे' एवढंच. मी मात्र दहा पानांची वेबसाईट म्हणून गावभर सांगत फिरलो.

जूनमध्ये अकोल्याहून फोन आला. तिकडचे चार शेतकरी मिळून माझी सगळी कलमं घेणार होते, तसं बोलणं झालं होतं.

"काकाजी, तुमची नर्सरी अजून व्हायचीच आहे काय?"

"काहून? तीस वर्षं झाली!"

"मंग जिथं दाबलं तिथं 'काम सुरू आहे' काहून येऊन राहिलं? सोबतचे लोकं भ्याले. आमी परतवाड्याच्या नर्सरीले बयाना देऊन टाकला बुवा."

मी प्रणालीला फोन लावला. ऐकून ती रडायलाच लागली. "माहंच चुकलं, काकाजी. तुमाले नाई म्हणाले पाहिजे होतं."

"नाई म्हटलं असतं तर मी दुसऱ्याकडं गेलो असतो," मी म्हटलं. अन् गेलोच असतो.

त्या हंगामात निम्मी कलमं कवडीमोल गेली, बाकीची उकिरड्यावर. वेबसाईट करायची असेल तर आत काय टाकणार, त्याचे पैसे आधी बाजूला काढा. पानं नंतर घ्या.

फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसनं अमरावतीला गेलो. रिकामी पानं तिला काढून टाकायला लावली. मग तिच्या शेजारी खुर्ची ओढली अन् म्हटलं, "कलम कसं पारखाचं ते सांगतो, तू लिही. पण आधी लिहिण्याचा भाव सांग."

तिनं भीत भीत सांगितला. मी भाव न पाडता मान डोलावली अन् सांगायला लागलो.