तिघांतला एक

माझा धाकटा भाऊ दत्ता गेल्याचा फोन आला, तेव्हा मी शाळेत दहावीला त्रिकोणमिती शिकवत होतो. आता त्याला दीड महिना झाला. यकृताचा कर्करोग. कळल्यापासून चार महिनेही मिळाले नाहीत. यात न समजण्यासारखं काय आहे? पण दत्ताचा व्यवसाय मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवण्याचा. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता एकच विचारायचा, अपघात कसा झाला? चुलतीनं तर गळ्यात पडून रडता रडता विचारलं, "गाडी कितीवर हुती रं?" मी म्हणालो, "काकू, तो पलंगावर गेला." तिनं डोळे पुसले आणि शेजारच्या बाईला सांगितलं, "पलटी झाली म्हणं."

चिडायचं तरी कुणावर? मी सख्खा भाऊ असून मला तरी काय माहीत होतं... दत्ता लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचा. सहा तास, बारा तास, कधी सलग चोवीस तास. त्याच त्या रस्त्यावर फिरत राहायचं आणि निघालो तिथंच परत यायचं. आमचे आप्पा त्याला घाण्याचा बैल म्हणायचे. उजनीच्या पाण्याकाठी आमची केळीची बाग. तिथल्या ट्रॅक्टरवर तो गाडी शिकला, डिप्लोमा करून कोइमतूरला एका गॅरेजात लागला, आणि गाड्या दुरुस्त करता करता त्या चालवून बघायचं काम त्याच्याकडे आलं. तिथून शर्यती, मग मलेशिया, दुबई. आप्पा फोनवर विचारायचे, "नंबर आला का?" हा म्हणायचा, "गाडी शेवटपर्यंत आली, आप्पा." हे काय उत्तर झालं? सुट्टीला आला की माझी गाडी तोच चालवायचा, आणि वेळापूरपर्यंत आम्हाला ट्रॅक्टरसुद्धा मागे टाकून जायचे. "अरे, तुला शर्यतीत खरंच घेतात का?" मी वैतागून विचारायचो. "टायर जपायचं असतंय, दादा. पळवायला काय, कुणालाबी येतंय."

त्याच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा तर त्यानं माझा अंत पाहिला. बायोडाटात मी 'वाहन अभियंता' असं लिहिलं होतं. मुलीच्या मामांनी पोह्यांची बशी हातात धरून विचारलं, "म्हणजे नक्की काय करता?" मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "ड्रायव्हर हाय मी." मामा थोडे मागे सरकले. "एस्टीत?" "न्हाय, शर्यतीच्या गाडीवर. एका गाडीवर आमी तिघं असतो, त्यातला एक." मामांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे पर्मनंट न्हाय." ते गेल्यावर मी त्याला ताडताड बोललो. माझ्या नाकाचा प्रश्न होता. शाळेत सहकाऱ्यांना मी सांगायचो, भाऊ गाड्यांच्या कंपनीत आहे. त्या 'तिघांतला एक' म्हणण्याचा अर्थ काय, हे मात्र मी विचारलं नाही. पुढं कितीतरी वर्षं विचारलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी आप्पांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. शनिवारचा दिवस. दत्ता दुबईत, त्याची चोवीस तासांची शर्यत सकाळीच सुरू झालेली. दुपारी आप्पा शुद्धीवर होते. "दत्ता कुटं हाय?" त्यांनी दोनदा विचारलं. फोन माझ्या हातात होता. मी लावला नाही. मनाशी म्हटलं, इतक्या वेगात गाडी चालली असेल, ऐकून याचा हात थरथरला तर? हे कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. आप्पांचं दुखणंखुपणं, बागेचं पाणी, आईचे डोळे, सगळं मी एकट्यानं काढलं होतं. आज तो इथं नाही हे सगळ्यांना दिसू दे, असंही माझ्या मनात होतं. आप्पा पाचला गेले. नातेवाइकांना मी सांगितलं, "फोन लावतोय, लागत नाही." दत्ताला कळवलं ते दुसऱ्या दिवशी, शर्यत संपल्यावर.

तो तिसऱ्या दिवशी पोचला. गॅलरीत माझ्याशेजारी उभा राहून त्यानं विचारलं, "आप्पा किती वाजता गेलं?" मी सांगितलं. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.

"तवा मी गाडीत नव्हतोच, दादा. गाडीत दुसरा होता. मी दुपारपासनं खाली झोपलो होतो... फोन उशाला होता."

"बोललो असतो की आप्पांशी," एवढंच तो म्हणाला. आतल्या खोलीत तेव्हा चुलती म्हणत होती, "बाप मरत हुता आन ह्यो गाड्या पळवत हुता." ते त्यानं ऐकलं, मीही ऐकलं. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि चहा घ्यायला आत गेला. त्यानंतर सहा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात हे वाक्य त्याला ऐकवलं गेलं. त्यानं कधी माझं नाव घेतलं नाही. मला त्याचाही राग यायचा. एकदा भांड ना बाबा, मला चारचौघांत उघडा पाड! पण नाही. त्या दिवशी फोन लागत होता. मी लावलाच नाही. त्याच्यावरचा तो बोल माझा आहे.

गेल्या आठवड्यात त्याच्या संघानं एक मोठं खोकं पाठवलं. आत कडक फोमचा साचा, माणसाच्या पाठीच्या आकाराचा. आई चाचपून बघत म्हणाली, "ह्ये काय?" मी सांगायला लागलो की शर्यतीच्या गाडीतली ही दत्ताची बैठक, एका गाडीत आळीपाळीनं तिघं बसतात, प्रत्येकाची ठेवण वेगळी, म्हणून उतरणारा आपली बैठक काढून नेतो आणि...

"आळीपाळीनं?" आईचा हात थांबला. "मग आप्पा गेलं तवा आत कोण हुतं?"

मी सांगितलं. सगळं. दोन दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. फ्लॅटमध्ये तो साचा ठेवायला जागा नाही, येता जाता पायात येतो. आई रोज सकाळी त्याला गॅलरीत उन्हात ठेवते, अंथरूण ठेवावं तसा. काल ऊन उतरलं म्हणून मी तो उचलायला गेलो, तर आतून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी आणते."