तेलाची पट्टी आणि करीमचाचा

किस्से ऐकवायला घरी कुणी नसलं की ते साठत जातात. बीडच्या माझ्या भाड्याच्या खोलीत तर ढीग झालाय! हैदराबादला कॉलेज करून मी निजाम सरकारच्या मुलींच्या शाळा तपासायला इथे आले, तेव्हा बाबांची एकच अट होती: तीन महिन्यांत करमलं नाही, तर ते येऊन परत नेणार. नोकरी हवी होती, पण करमत नव्हतं. बोलायला माणूस एकच, दौऱ्याच्या मोटारीचे ड्रायव्हर करीमचाचा.

*

पहिल्याच सकाळी चाचांनी इंजिनातून तेल मोजायची काळी, ठिबकती पट्टी उपसली आणि साप समजून मी किंचाळलेच!

"बाईसाब, मी हाय, पट्टी हाय अन् तेल हाय. चौथं कुनी न्हाई!"

*

नेकनूरला गेलो तो शनिवार होता. शाळेतून बाहेर येते तो एक म्हातारी बॉनेटवर करडईचं तेल ओततेय, मारुतीला घालावं तसं!

"मावशी, तेल आत लागतंय, वरून न्हाई!" चाचा ओरडले.

"मग तिचं तोंड कावून झाकून ठिवलंय?"

चाचांनी फडकं काढून बॉनेट पुसलं.

*

चाचा पट्टी काढत, पुसत आणि परत बुडवत. मी विचारलं, दोनदा कशाला?

"पैल्या बारीला ती खरं सांगत न्हाई. तुमी कशा हाव, बाईसाब?"

"मजेत."

"पुसून परत इचारू?"



*

एकदा वाटलं, तेल संपून इंजिन जाम झालं तर? चाचा नमाजाला गेलेले. मी अख्खा डबा आत रिकामा केला! नांदूरघाटापर्यंत मोटार धूर ओकत गेली.

"भ्या वाटलं तर बोलत जावा," चाचा म्हणाले, "वतत जाऊ नका!"

*

तीन महिने भरले आणि बाबा आले. माझा उतरलेला चेहरा बघून त्यांनी ट्रंक मोटारीत चढवली; जालन्याहून आगगाडी धरायची होती. मला जायचं नव्हतं, पण अट मीच मान्य केली होती.

चाचांनी बॉनेट उघडलं आणि पट्टीला हात न लावताच बंद केलं.

"साब, इंजिन गरम असलं की तेल मोजता येत न्हाई. थंड व्हऊ द्यावं लागंल."

मोटार कालपासून जागची हलली नव्हती.

बाबांनी बॉनेटवर तळहात टेकला. चाचांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"फारच तापलंय हो," ते म्हणाले. "ट्रंक खाली घ्या!"