पिवळ्याखालचा निळा

विनिता काम करता करता खिडकीबाहेर बघत बसते, आणि मला तिचा राग येतो. नवीन पनवेलात एका खोलीत आम्ही दोघी वेबसाइट बनवतो. मी, अरुंधती, घाईची बाई. ती उरणच्या कोळीवाड्यातली. बोलता बोलता कुठल्या कुठे निघून जाते.

यंदा तिने कोळीवाड्यातल्या बायकांसाठी एक पान करायला घेतलं. प्रत्येक होडीचं एक बटण. होडी धक्क्याला लागली की दाबायचं, गिऱ्हाइकांना कळतं. मासळी संपली की पुन्हा दाबायचं, बटण राखाडी होतं. तिच्या आईला, शांतीमावशींना, वाचता येत नाही. होडी त्या लांबून रंगावरून ओळखतात, म्हणून बटणंही होड्यांच्या रंगांची. "वलखू आली तं वापरीन, नायतं ऱ्हाऊ दे," असं त्यांनी बजावलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या बघायला येणार होत्या. लेक दिवसभर काय करते ते त्यांना आजवर कळलंच नव्हतं. हे पहिलं काम आईच्या हातात देता येणार, म्हणून विनिताचा जीव त्यात अडकला होता.

आणि आदल्या दिवशी नेमकं आईच्या पिवळ्या होडीचंच बटण निळं दिसत होतं.

बटणाचा कंपोनंट, म्हणजे साचा, एकच, मुळात निळा. प्रत्येक होडीसाठी त्याला वरून रंगाचा क्लास, म्हणजे छोटीशी सूचना, जोडायची. विनिताने निळ्यानंतर पिवळा लिहिला होता. जो शेवटी लिहिला तो चालणार, असं आम्ही धरून चाललो. कोळीवाड्यातल्याच भावेशच्या होडीचं गुलाबी बटण बरोबर आलं, त्यामुळे तर खात्रीच पटली. पण ब्राउझर बटणावरचा क्रम बघतच नाही. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे रंगारूपाच्या नियमांच्या यादीत, ज्याचा नियम खाली, तो जिंकतो. तिथे पिवळा निळ्याच्या वर होता, गुलाबी खाली. भावेशचं नुसतं नशीब!

"पिवळ्याला इम्पॉर्टंट लाव आणि मोकळी हो," मी म्हणाले. हा शिक्का लागला की तो नियम बाकी सगळ्यांवर मात करतो. लावलं. बटण पिवळं झालं, आणि मासळी संपल्यावरही पिवळंच राहिलं. राखाडीला ते जुमानेना. मी कपाळाला हात लावला. विनिता खिडकीकडे वळली.

"बाबांनी होडी जुनी घेतली होती, निळी," ती हळूच म्हणाली. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते, पण ती त्यांच्या पलीकडे कुठेतरी होती. "नारळी पुनवेआधी वरून हळदीपिवळी रंगवली, न खरवडता. दिवाळीपर्यंत पोपडे निघाले, खालचा निळा दिसायला लागला. धक्क्यावर सगळे तिला जुन्या मालकाचीच होडी म्हणायचे. आई घरात येऊन रडायची. पुढच्या वर्षी आम्ही सगळ्यांनी निळा खरवडला. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, हौसाआत्याने काढलेली फुलं तेवढी वाचवली."

मी चिडून बोलणार, तोच तिची बोटं चालू लागली. क्लास लावण्याआधी तपासणारं एक फंक्शन: दोन क्लास एकाच गोष्टीवरून भांडत असतील तर आधीचा काढून टाकायचा, नंतरचा ठेवायचा. रंगाचं भांडण रंगाशीच. गोल कोपरे, आतली मोकळी जागा, यांना हात लावायचा नाही. राखाडी आला की पिवळाही निघणार. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की मी स्वतः चहा केला, जो मी कधी करत नाही.

दुसऱ्या दिवशी शांतीमावशी आल्या. फोन हातात घेतला. नजर सगळ्या बटणांवरून फिरली आणि एकावर थांबली.

"ही आमची."

दाबलं, राखाडी झालं. पुन्हा दाबलं, पिवळं झालं. मग त्यांनी नखाने काच हलकेच खरवडून पाहिली.

"खाली निला नाय ना ऱ्हायला?"

विनिताचे डोळे भरून आले. "नाय गो आये," ती म्हणाली. "सगला खरवडला."