रिकाम्या पाळण्याशी बोलणाऱ्या मावशी

बोलून झाल्यावर गप्प बसणाऱ्या माणसाइतकं भीतिदायक या जगात दुसरं काही नाही, हे मला आमच्या हिच्या मावशींनी शिकवलं. एरवी आमच्या कोल्हापुरात बोलणं म्हणजे दोघांनी एकदम बोलायचं आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं धरायचं. इथं विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. "जेवलासा? नसणारच. बसा!" हे सगळं एका दमात होतं आणि ताट पुढ्यात येतं. मावशी मात्र विचारायच्या, "जावईबापू, बरं हाय न्हवं?" आणि थांबायच्या. डोळे माझ्या तोंडावर, भुवया किंचित वर. मी "हो" म्हटलं तरी त्या आणखी जरा थांबत. खरं उत्तर अजून आत आहे आणि त्याला बाहेर यायला वेळ लागतोय, असा त्यांचा चेहरा असे. त्या शांततेत माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा तर मी गुडघेदुखी, रक्तदाब आणि सोसायटीच्या चेअरमनशी झालेलं भांडण असं सगळं भडाभडा ओकून मोकळा झालो. "एवढं विचारलं न्हवतं मी," मावशी म्हणाल्या, "पर बरं झालं."

ही सवय त्यांना कामातून लागलेली. मावशींचं काम म्हणजे तान्ही पोरं. स्वतःचं एकही नाही, लग्नच केलं नव्हतं. पण जगभर पसरलेल्या एका संस्थेत राहून, पोरांची पहिली काही वर्षं नीट जावीत म्हणून योजना आखायच्या आणि त्या गावोगाव उतरवायच्या, यात त्यांचं आयुष्य गेलं. वाळवंटात, बेटांवर, बर्फात, जिथं म्हणून पोर जन्मतं तिथं त्या जाऊन आल्या होत्या. आईनं काय खायचं, पोराचं वजन कुठं करायचं, गावातल्या कुठल्या बाईला हाताशी धरायचं, हे तर होतंच. पण त्यांचा खरा जीव बोलण्यात. "पोराला कायतरी विचारायचं आणि थांबायचं," त्या सांगत. "ते हात हलवंल, हुंकार देईल, न्हायतर नुसतं बघंल. ते त्याचं उत्तर. मग आपण फुडं बोलायचं. डोकं त्यात घडतंय, जावईबापू. मोबाईल दावून न्हाय घडत."

पुढं त्या परत येऊन कसबा बावड्यात, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहू लागल्या आणि आसपासच्या बारशांना एक वेगळाच रंग चढला. रडून घर डोक्यावर घेतलेलं पोर मावशी उंबऱ्यात आल्या की चिडीचूप. त्यात काही विशेष नाही, काही बायकांच्या हाताला गुण असतो. पण ते पोर मावशींकडे बघत नसे. त्यांच्या खांद्याच्या जरा वर, मागच्या बाजूला बघे आणि ओळखीचं हसे. मी एकदा वळून पाहिलं, तर भिंतीवर कॅलेंडर होतं. म्हटलं, चला, चित्र बघतंय. पुढच्या घरी मागं भिंतच नव्हती. "त्यांच्या मागं कोण असतंय वो?" असं आमची ही मला दबक्या आवाजात विचारायची. मी "काहीतरीच तुझं" म्हणून हसायचो, आणि मावशींना स्कूटरवरून घरी सोडताना आरसा हळूच खाली वळवून ठेवायचो.

त्यांच्या परदेशातल्या गोष्टीही असल्याच. कुठल्याशा डोंगराळ मुलखात म्हणे पोर वर्षाचं होईस्तोवर त्याच्याशी कुणी बोलत नसे. आवाज दिला की ऐकणारं ऐकतं आणि पोराला घेऊन जातं, अशी तिथली समजूत. आणि मुख्य कचेरीतून आलेल्या योजनेचं पहिलंच वाक्य होतं, बाळाशी बोला. गावातल्या बायका तोंडं मिटून बसल्या. दुसरं कुणी असतं तर अंधश्रद्धेवर व्याख्यान झोडून, अहवाल लिहून विमान धरलं असतं. मावशींनी विचारलं, "मडक्याशी बोललं तर चालंल?" मडक्याला न्यायला कोण कशाला येईल! बायकांना पटलं. मग प्रत्येक पोराशेजारी एक मडकं आलं आणि अख्खं गाव मडक्यांशी बोलू लागलं. पाहणीला साहेब आला तेव्हा दारोदार बायका मडक्याला प्रश्न विचारत होत्या, थांबत होत्या आणि मान डोलावत होत्या. साहेब मुक्काम न करताच परतला.

"मग पोरं बोलायला लागली?" मी विचारलं.

"लागली की."

"आणि मडकी?" मी आपली चेष्टा केली.

मावशी थांबल्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या माठाकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाल्या, "माठ समदं ऐकतोय, जावईबापू." त्या दिवसापासून मी पाणी फ्रिजमधलं पितो.

पण त्यांच्या ज्या खोडीवरून आमच्या घरात रामायण झालं ती वेगळीच होती. मावशी रिकामा पाळणा हलवायच्या. आपल्याकडे रिकामा पाळणा हलवायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायकांसाठी एक पाळणाघर निघालं होतं, तिथं मुलं सांभाळणाऱ्या बायकांना शिकवायला मावशी जात. शिकवताना बाहुली घेत नसत. "बाहुलीला कायबी सांगायचंच नसतंय," हे त्यांचं कारण. रिकाम्या पाळण्याची दोरी धरून त्या विचारत, "काय गं, झोप झाली?" आणि थांबत. मग हसून म्हणत, "आस्सं! सपान पडलं व्हय?" पहिल्याच दिवशी एक बाई चप्पल तिथंच टाकून फाटकापर्यंत पळाली. दुसरी म्हणाली, "आत हुंकार दिला वो कुणीतरी. मी ऐकला." मग मावशींनी चहा मागवला आणि सगळ्यांना समजावलं. बायका शिकल्या, पोरंही मजेत राहिली, पण त्या पाळण्यात मात्र शेवटपर्यंत कुणी मूल निजवलं नाही.

आम्ही हे सगळं हसण्यावारी नेलं. मग आमच्यावरच वेळ आली. माझी मुलगी सुप्रिया त्याच एमआयडीसीत इंजिनिअर. तिची चिमी दिवसभर आमच्याकडे असे. चिमीला दोन वर्षं उलटली तरी पोरगी एक शब्द बोलेना. हाक मारली तर वळून बघेना. डॉक्टरांनी तपासलं, कान ठणठणीत होते. उपचारालाही नेत होतो. सुप्रियाचा जेवणाच्या सुट्टीत रोज फोन येई, "आज काय बोलली?" आणि मी "बोलेल गं" म्हटलं की पलीकडं नुसता श्वास ऐकू येई. आमची ही दिवसभर पोरीच्या मागं, "आज्जी म्हण! म्हण की! भूक लागली? लागली असणार. भात पायजे? पायजेच." मीही तेच करायचो. घरात इतका गोंगाट, आणि मधोमध ती पोरगी, मोठ्ठे डोळे घेऊन गप्प बसलेली. मला त्या डोळ्यांची भीती वाटू लागली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

मावशी दुपारच्या येऊ लागल्या. आम्हाला वाटलं, आता चिमीला जवळ घेतील, काही जगावेगळं करतील. त्यांनी चिमीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. बाहेरच्या सोप्यात तिचा जुना पाळणा अजून लटकत होता, कारण तो काढायची चालढकल मी करत आलो होतो. मावशींनी त्याची दोरी धरली आणि हलवायला सुरुवात केली.

ही स्वयंपाकघरातून धावत आली. "मावशी, पाया पडते तुमच्या! रिकामा पाळणा हलवू न्हये. आधीच माझ्या पोरीचं काय सुधरंना."

मावशींचा हात थांबला नाही. "रिकामा कोण म्हणतंय?" त्या म्हणाल्या.

हिनं मला कोपऱ्यात गाठलं. "उद्यापास्नं येऊ नका म्हणून सांगा त्यास्नी. पोरीच्या जिवाला कायतरी झालं म्हंजे?" मलाही पटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दारातच मावशींना गाठून घसा खाकरला. "काय?" मावशींनी विचारलं आणि थांबल्या. मी "चहा घेणार का?" म्हटलं.

पाळणा रोज हलू लागला. मावशी पाळण्याला पाऊसपाणी विचारत, ऊस तुटला का विचारत, आणि उत्तर ऐकल्यासारख्या हसत. चिमी आधी लांब, मग खांबाशी, मग पाळण्यापासून हातभर अंतरावर. ती आत वाकून बघे, मग मावशींच्या तोंडाकडं, पुन्हा आत. ही देवाजवळ दिवा लावून बसलेली, आणि मी पेपर उलटा धरून.

एका दुपारी मावशींनी विचारलं, "जेवलीस का, बाई?" आणि थांबल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत. थांबूनच राहिल्या. पाळण्याच्या कड्या कुरकुरत होत्या. इतका वेळ गेला की आता पाळण्यातूनच काहीतरी ऐकू येणार, अशी माझी खात्री झाली आणि मी डोळे मिटले.

"न्हाय," असा आवाज आला.

बारीक आणि घोगरा. मी डोळे उघडले तेव्हा चिमी पाळण्याच्या काठावर हनुवटी ठेवून उभी होती आणि मावशी तिच्याकडं पहिल्यांदाच बघत होत्या. "न्हाय?" मावशी म्हणाल्या. "का गं?" ही पदर तोंडात धरून हमसाहमशी रडू लागली. मी सुप्रियाला फोन लावला आणि मला काही बोलताच येईना. त्या दिवशी तिला माझा नुसता श्वास ऐकू गेला असेल.

नंतर मावशी म्हणाल्या, "तुम्ही समदी तिची उत्तरं आधीच देऊन टाकत हुतासा. हितं एक उत्तर कुणी न उचलता पडलेलं दिसलं, ते तिनं उचललं." हे माझ्या डोक्यात शिरलं. पण हिनं भीत भीत विचारलं, "मग पाळण्यात कोण हुतं, मावशी?" मावशींनी तिच्याकडं पाहिलं, आणि त्या थांबल्या.

त्या गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. दुपारी वामकुक्षीला पडल्या, त्या उठल्याच नाहीत. चिमी बालवाडीत जाते आणि पूर्ण कोल्हापुरी झाली आहे, म्हणजे कुणाचं ऐकून घेत नाही. पाळणा काढायचं नाव मात्र ही घेऊ देत नाही. परवा मी चिमीला पाणी देत होतो, तर तिनं माठावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "आबा, हळू बोल. माठ समदं ऐकतोय." मावशी हे माझ्याशी बोलल्या तेव्हा चिमीचा जन्मही झाला नव्हता, आणि मी ते कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

रोज दुपारी ती पाळण्याची दोरी धरून काहीबाही विचारते, थांबते, मान डोलावते. काल ती अंगणात खेळताना मी तिच्या जागी जाऊन बसलो. इकडंतिकडं पाहून दोरी हातात घेतली आणि म्हटलं, "मावशी, बरं आहे ना?" मग थांबलो. मला थांबण्याची सवय नाही, पण जमेल तितका थांबलो. कड्या कुरकुरल्या, बाकी काही नाही. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून लाजून उठलो, तर दारात चिमी उभी.

"उठलास कशाला, आबा?" ती चिडून म्हणाली. "ती आत्ता बोलणार हुती."